उजेड कुणाच्या वाटचा

माझी नात पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत मिरजेला आली की घरभर माझ्या मागून फिरते आणि मी बंद केलेली बटणं पुन्हा चालू करत माझी चेष्टा करते. परवा म्हणाली, "आबा, ९ वॉटचा दिवा तासभर जळला तर किती पैसे जातात, सांगा बघू." वीज मंडळात वायरमन म्हणून हयात घालवलेल्या माणसाला हे काय विचारायचं! युनिट ८ रुपये धरा. हजार वॉटचा लोड तासभर चालला की एक युनिट पडतं. तेव्हा ९ वॉटचा दिवा १११ तास जळेल तेव्हा कुठं एक युनिट. तासाला ७ पैसे. "बरोबर," ती म्हणाली, "आणि त्या ७ पैशांसाठी तुम्ही भरल्या ताटावरून उठता."

ती हसून गेली. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. मी माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात टेस्टर, असे दिवस काढले. उधळू नये, हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या लहानपणी ६० वॉटचा पिवळा बल्ब सतरा तासांत युनिट खायचा. रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिटं, असे चार बल्ब म्हणजे ३६. वडिलांनी पाठीत धपाटा घालून दिवा बंद करायला लावला, तर त्यात धर्म किती आणि बिल किती हे निवडून बघायची गरज नव्हती. दोघंही एकच सांगायचे. आता जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा दिवा, तेवढेच तास लावला तरी, महिन्याला दीड युनिटसुद्धा घेत नाही. बिलानं आपलं तोंड मिटून घेतलंय. धर्म एकटाच बोलतोय, आणि तो काय म्हणतोय ते नीट ऐकू येत नाही. एखादी गोष्ट फुकटासारखी मिळाली आणि ती उधळली, तर त्यात वाईट काय?

हा स्वस्त उजेड आकाशातून पडलेला नाही, हे आधी सांगायला हवं. लाल आणि हिरवे एलईडी आम्ही पॅनेलवर फार पूर्वीपासून बघत होतो. निळा जमत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड होत नाही. आजच्या पांढऱ्या दिव्यातही आत निळीच चकती असते, तिच्यावर पिवळट लेप दिलेला असतो. तो निळा साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच सुमारास सरकारी कंपनीनं ठोक खरेदी सुरू केली. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि तिच्यातून देशात ३६ कोटींवर बल्ब गेले. पगाराच्या दिवशी एक, पुढच्या पगाराला दुसरा, असे लोकांनी घरातले बल्ब बदलले. एवढ्या थोड्या काळात एवढ्या घरांतला खर्च उतरलेला मी तरी दुसऱ्या कशात बघितला नाही.

पण खर्च उतरला तशी माणसाची नजरही उतरली. पूर्वी खोलीत एक पट्टी असायची. आता पीओपीच्या छताला बारा गोल दिवे, कडेनं लपवलेली पट्टी, टीव्हीच्या मागं निळा झोत. एकेक दिवा किरकोळ, सगळे मिळून जुन्या पट्टीच्या वर. इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं आहे: इंजिन कमी कोळशात चालायला लागलं की कोळसा वाचत नाही, इंजिनं वाढतात. पंढरीच्या वाटेवरच्या कुठल्याही कीर्तनकाराला हे सांगा, तो म्हणेल यात नवीन काय; वासनेला स्वस्ताई मानवते.

आणि काही दिवे तर आपण दिव्यांत धरतच नाही. झिरोचा बल्ब घ्या. पोरं भितात, म्हाताऱ्यांना रात्री उठावं लागतं, म्हणून घरोघरी रात्रभर तो जळतो. लोक मला छातीठोकपणे सांगायचे, "तो काय ओढतोय, झिरोच आहे की." प्रत्यक्षात जुना झिरोचा बल्ब १२ ते १५ वॉट घ्यायचा. चकतीच्या मीटरला एवढा बारीक लोड हलवायचा नाही, चकती जागची फिरायची नाही, म्हणून तो झिरो. इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि त्यांनी तो मोजायला घेतला. रोज दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिटं, म्हणजे बैठकीतल्या एलईडीच्या तिप्पट. घरातला सगळ्यात मिणमिणता दिवा सगळ्यात खादाड निघाला. अर्ध्या वॉटचा रात्रीचा एलईडी येतो, तो लावा, अंधारही राहील आणि वाटही दिसेल. मला या झिरोच्या बल्बचं एक वाटतं: मीटरवर आलं नाही म्हणून खर्च झाला नाही, अशी जी आपली समजूत असते, तिचा एवढा चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

गांधीजी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहायचे. त्यात अस्तेयावरही पत्र आहे. आपल्याला ज्याची गरज नाही ते घेणं हीसुद्धा चोरी, असा त्यांचा अर्थ. तरुणपणी मला हे ताणून धरल्यासारखं वाटायचं, कारण विजेची चोरी म्हणजे काय हे मी रोज खांबावर बघत होतो. आकडा टाकला की चोरी. विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बिल भरून लावलेला दिवा ही चोरी कशी? पैसे मोजलेत की!

पैसे मोजले म्हणजे सगळं मोजलं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमच्या भागात संध्याकाळी एकदम दिवे लागतात तेव्हाची वाढीव मागणी भागवायला कोयना चालवतात. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आहे तो. कृष्णेच्या खोऱ्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवायची मुभा लवादानं त्याला दिली आहे. ते पाणी चक्की फिरवून वाशिष्ठीला मिळतं आणि समुद्राला जातं. इकडं जत आणि आटपाडीत माणसं टँकरची वाट बघत असतात. धरणात ज्यांची गावं गेली त्यांची पोरं नातवंडं अजून जमिनीसाठी आंदोलनं करतात. पलीकडं चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. एका युनिटमागं अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो, आणि त्याची राख चंद्रपूरकरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. माझ्या ८ रुपयांतले किती पैसे त्या कपड्यांच्या मालकिणीला पोचतात? शून्य. तिला न विचारता, तिच्या वाटचं काहीतरी मी रोज घेतोच. गरजेपुरतं घेतलं तर ते एकमेकांचं ओझं वाहणं म्हणता येईल. रिकाम्या खोलीत जळणाऱ्या दिव्यापुरतं मात्र गांधीजींचं म्हणणं मला खोडता येत नाही.

इथंच थांबलो असतो तर सरळ निकाल लागला असता: कमी दिवे, जास्त धर्म. पण चाळीस वर्षं लोकांच्या घरात स्टूल लावून चढलेल्या माणसाला तसं म्हणवत नाही.

फ्यूज कॉल आला की आम्ही घरात शिरायचो. पाहुण्याला बैठकीत बसवतात. वायरमनला माजघरातून मोरीपर्यंत सगळीकडं नेतात. आणि घर कुठलंही असो, पेठेतलं की वाडीवरचं, एक गोष्ट चुकत नसे. बैठकीत दोन दोन पट्ट्या. देवघरात बऱ्यापैकी दिवा. स्वयंपाकघरात काजळी धरलेला ४० चा बल्ब, तोही खोलीच्या मधोमध आढ्याला. ओटा भिंतीला, म्हणजे बाई ओट्याकडं तोंड करून उभी राहिली की बल्ब तिच्या पाठीमागं. ती भाजी चिरायची स्वतःच्या सावलीत. तांदळातले खडे सावलीत बघायची. घरातली सगळ्यात धारदार वस्तू, सगळ्यात गरम वस्तू आणि सगळ्यात कमी उजेड, तिन्ही एका जागी. "इथं एक पॉइंट काढू का?" म्हणून विचारलं की मालक म्हणायचे, "कशाला वायफळ खर्च? तिला सवय आहे."

ही काटकसर मला कधीच पुण्याची वाटली नाही. उजेड वाचवलाय, पण दुसऱ्याच्या डोळ्यांतून काढून. स्वतः अंधारात बसणं हे व्रत होऊ शकेल. बायकोला, आईला, कामवालीला अंधारात ठेवून वाचवलेलं युनिट कुठल्या खात्यावर मांडायचं? त्यातही म्हाताऱ्यांचं आणखी वेगळं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोचतो, त्याचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा साठीच्या माणसाला पोचतो. बाहुली आकसते, आतलं भिंग पिवळं पडतं. मुलगा म्हणतो, "एवढं लख्ख आहे की, आई." त्याच्या डोळ्यांना आहे. तिला मोरीचा उंबरा दिसत नाही, आणि मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनच्या पैशांत त्या घराचं कित्येक वर्षांचं विजेचं बिल भागलं असतं.

म्हणून मी काटकसरीचं जे काही सांगतो ते ओट्यापासून सुरू करतो. मांडणीच्या खाली, हाताच्या वर, ५ वॉटची छोटी पट्टी. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट पडतो, हा शाळेतला नियम आहे. छताला २० वॉटची लावून जे दिसत नाही ते जवळच्या ५ वॉटमध्ये दिसतं. वाचणाऱ्याला टेबलाचा दिवा द्या, बाकीची खोली विझवा. भिंतीला पांढरा रंग द्या. आणि दिवे पुसा. आषाढी अमावस्येला, दिव्यांच्या अवसेला, आमच्या घरची मंडळी समया, निरांजनं, कंदील घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. (हल्ली या दिवसाला लोक दुसऱ्याच नावानं ओळखतात आणि त्या नावाच्या माणसांना समया दोन दोन दिसतात, ते सोडा.) त्या अवसेच्या कहाणीतली सून घरातून हाकललेली असते. तिच्यावर आळ आणलेला असतो उंदरांनी. रात्री गावातले दिवे झाडावर बसून गप्पा मारतात, कुणाच्या घरी कसा मान मिळाला ते एकमेकांना सांगतात, आणि तिच्या घरचा दिवा तिची बाजू मांडतो, कारण त्याला घासणारे हात तिचेच. मला ही कहाणी फार आवडते. घरात कोण कुणाशी कसं वागतं हे दिव्याला माहीत असतं, हे रचणाऱ्यानं नेमकं ओळखलंय. मी त्या दिवशी स्टूल घेऊन ट्यूबा पुसतो. स्वयंपाकघरातल्या ट्यूबवर वर्षभराचा फोडणीचा चिकटा बसलेला असतो; ओल्या फडक्यानं, बटण बंद करून, पुसला की तेवढ्याच विजेत खोली उजळते.

नातीनं लगेच अडवलं असतं, "मग नंदादीपाचं काय? तो तर कुणालाच दिसण्यासाठी नसतो. रात्री गाभारा बंद, आत दिवा चालू."

हा आक्षेप खरा आहे आणि माझ्यापुरतं त्याचं उत्तर मला कोकणात मिळालं. माझी काही वर्षं अलिबागेत गेली. तिथं इस्राएल आळी आहे, बेने इस्राएल ज्यूंचं प्रार्थनालय आहे. ही माणसं घाण्यावर तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावोगावी त्यांना शनवार तेली म्हणत. पिढ्यानपिढ्या दिव्याचं तेल पुरवणारी माणसं. तिथले एक निवृत्त मास्तर, मराठी माझ्यापेक्षा चोख, मला चहाला थांबवून घ्यायचे. त्यांनी सांगितलं की त्यांच्या तालमुद या धर्मग्रंथात झुत्रा नावाच्या आचार्यांचं मत नोंदलेलं आहे: तेलाच्या दिव्यावर झाकण ठेवणारा आणि नाफ्त्याच्या दिव्यावरचं झाकण काढणारा, दोघंही नासाडीची बंदी मोडतात. कारण तसं केलं की इंधन जास्त जळतं. मूळ आज्ञा वेगळीच आहे. शहराला वेढा घातला तरी फळझाडं तोडू नका, एवढीच. तिच्यावरून धर्मशास्त्री पार दिव्याच्या झाकणापर्यंत आले. मी चकित झालो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी धर्माच्या पोथीत कुणीतरी दिव्याचं ॲव्हरेज काढून ठेवलं होतं!

"मग शुक्रवारी संध्याकाळी लावलेला दिवा झोपताना विझवत असाल," मी म्हणालो. मास्तर हसले. शब्बाथला दिवा लावायचा नाही आणि विझवायचाही नाही. सूर्यास्तापूर्वी लावला तो आपोआप शांत होईपर्यंत जळणार. मात्र चोराचिलटाच्या भीतीनं किंवा आजाऱ्याला झोप लागावी म्हणून कुणी विझवला तर त्याला दोष लागत नाही, असं त्यांच्या मिश्ना या जुन्या धर्मसंहितेत आहे. तेल वाचावं, वात वाचावी, दिवा तडकू नये म्हणून विझवला, तर लागतो.

मी तो चहा गार करून टाकला. सहा दिवस तेलाचा थेंबही वाया घालवू नको म्हणणारं शास्त्र सातव्या दिवशी सांगतं की आज तेलाकडं बघूच नको, माणसाकडं बघ. त्यांच्या प्रार्थनालयातही अखंड दिवा असतो, आपल्या नंदादीपासारखा. मला तेव्हापासून वाटतं की नंदादीप उधळपट्टीत मोडत नाही, कारण त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. वात सरकवायला कुणीतरी उठतं. तेल संपत आलं हे कुणाला तरी कळतं. ज्या दिव्याच्या जळण्याची घरात कुणालाच खबर नाही, तो नासाडीचा. देवळावर सोडलेल्या लाल-हिरव्या झगमगत्या माळा दिवाळी होऊन महिना झाला तरी तशाच जळतात, त्यांना मी नंदादीपाच्या पंक्तीला बसवणार नाही, ट्रस्टींना राग आला तरी. उलट पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरवलं. तिथं दिवे कमी करून आकाश राखलंय. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणारी गर्दी हेडलाइट चालू ठेवून उभी राहते, आणि नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसेनासे होतात. उजेड जास्त होऊनही कुणाचं तरी नुकसान होतं, हे माणसाच्या ध्यानात येत नाही.

मिरजेत परत आल्यावर सतारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिरानं दुसरी गोष्ट ऐकवली. भोपळ्यावर नक्षी चालली होती आणि मी त्यांचं होल्डर बदलत होतो. दमास्कसला उमर बिन अब्दुल अझीझ नावाचे खलिफा होऊन गेले, सन ७१७ ते ७२० पर्यंत गादीवर होते. रात्री राज्याचा हिशेब बघत बसले असता कुणी भेटायला आलं आणि घरचं विचारू लागलं. खलिफांनी समोरचा दिवा विझवून दुसरा लावला. पाहुण्यानं कारण विचारलं तर म्हणाले, त्या दिव्यातलं तेल रयतेचं होतं. हीच गोष्ट आपल्याकडं चाणक्याच्या नावावर सांगतात. खरी कुणाची यावर भांडायचं कारण नाही, कारण चांगली गोष्ट फिरत राहते आणि ज्याच्या त्याच्या घरी मुक्काम करते.

प्रामाणिकपणाची गोष्ट म्हणून ती शाळेत सांगतात. मला तिच्यातला दुसरा दिवा जास्त दिसतो. खलिफांनी पाहुण्याला अंधारात बसवलं नाही. रयतेचा विझवला आणि पदरचा लावला. त्यांनी तेल वाचवलंच नाही, तेवढंच जाळलं, फक्त कुणाच्या वाटचं जाळायचं ते ठरवलं. मी नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग यात एनर्जी सेव्हिंग शून्य." शून्यच. पण त्या खोलीत उजेड कुणासाठी आणि कुणाच्या खर्चानं, हे दोन्ही खलिफांना ठाऊक होतं. माझ्या लेखी दिव्याबाबतीतला सगळा धर्म या दोन गोष्टी ठाऊक असण्यात येतो. ७ पैशांचा हिशेब त्यापुढं लहान आहे, पण तो करावा. त्या निमित्तानं तरी माणूस उठून बघतो, खोलीत कोण आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर आक्का राहतात. दिगंबर जैन, आमच्या सांगली-कोल्हापूर भागातल्या. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकतं. दिव्यावर किडे येतात, ताटात पडतात, मरतात, म्हणून दिव्याच्या उजेडात जेवायचंच नाही. त्यांच्या हिशेबात आपण कधी न धरलेला एक वाटेकरी आहे: किडा. त्यांचे मुनी तर दिवा लावत नाहीतच; अग्नीचेही जीव असतात असं त्यांचं शास्त्र मानतं. विजेच्या तारेत तसा जीव धरायचा की नाही, यावर जैन आचार्यांत मोठे वाद झाले आहेत, आणि कुणी मुनी माइकवर बोलतात, कुणी अजिबात नाही. आक्कांनी एकदा मला विचारलं, "तुम्ही तर हयात विजेत काढली. तुम्हाला काय वाटतं, जिवंत आहे का हो ती?" मी म्हणालो, "आक्का, आम्ही तर तारेला जिवंतच म्हणतो. हात लावणारा जिवंत राहील का, तेवढंच बघतो." त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच हवं होतं उत्तर.

आक्का आणि मी ज्या इमारतीत राहतो तिथं जिन्याचा दिवा हा कायमचा तंटा. सामायिक मीटर, बिल सगळ्यांत विभागून. म्हणून दिवा कुणाचाच नाही. घरात बटणामागं धावणारी माणसं जिन्यातला दिवा सकाळी दहापर्यंत जळताना बघून वर जातात. दिवा बंद केला तर कुणी अंधारात पडायचं. शेवटी मीच सुचवलं आणि सभेनं ठराव केला: सेन्सर बसवा. माणूस आला की दिवा लागेल, गेला की विझेल. आता कुणी विचारेल की यंत्रानं विझवलेल्या दिव्याचं पुण्य कुणाला? मला त्याची फिकीर नाही. युनिट वाचलं, माणूस पडला नाही, पुण्याचं वाटप वर होईल.

अडचण निघाली ती निराळी. आक्का रोज तिन्हीसांजेला जिन्याच्या वरच्या चौकात, वाऱ्याला, खुर्ची टाकून जप करतात. हालचाल नाही. आणि हा सेन्सर माणूस ओळखत नाही. हलणारी ऊब ओळखतो. आक्का स्थिर झाल्या की त्याच्या लेखी तिथं कुणी नाही, मिनिटभरात दिवा बंद. एका संध्याकाळी तळमजल्यावरचा पोरगा पतंग आणायला गच्चीकडं धावला आणि अंधारात पांढरं पातळ बघून किंचाळला. सभा बसली. अध्यक्ष म्हणाले, आक्कांनी घरात बसावं. एकानं सांगितलं, सेन्सर काढून जुनं बटण लावा. मी म्हटलं, त्याला वेळेचा स्क्रू असतो, वाढवून देतो. आक्का म्हणाल्या, "मला कशाला उजेड? माझे डोळे मिटलेले. चढणाऱ्याला लागतो, त्याला मिळू दे म्हणजे झालं."

म्हणून मी सेन्सर एक वळण खाली घेतला. चढणारा पहिल्या पायरीवर पाऊल टाकतो तेव्हाच वरचा दिवा लागतो आणि त्याला आक्का लांबूनच दिसतात. वायर आणि पट्टी मिळून थोडाफार खर्च आला. तो सामायिक खात्यात टाकायचा, पोराच्या वडिलांनी द्यायचा की आक्कांनी, यावर पुढच्या सभेत चर्चा ठेवली आहे.